मार फाऊल

धाराशिवच्या क्रीडा संकुलात त्या दिवशी शिवरंजनीनं सगळं केलं. उंच उड्या मारून चेंडू ओढले, दोघी-दोघी अंगावर घेऊन रिंगखालून बास्केट टाकले, कोपर लागून फुटलेल्या ओठाला बर्फ लावून परत खेळली. आणि शेवटची दोन मिनिटं उरली तशी संघाचे प्रशिक्षक रणधीर सरांनी तिला खुर्चीवर बसवलं. हात वर केला, दुसऱ्या पोरीला आत पाठवलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "टॉवेल घे."

सहा फूट दोन इंचाची बाई गळ्यात टॉवेल टाकून बसली. गुडघे हनुवटीला लागत होते. ज्या सामन्यात तिनं घाम गाळला, तो सामना आता दुसऱ्याच पोरी संपवणार होत्या.

का बसवलं ते सगळ्या हॉलला ठाऊक होतं. बास्केटबॉलमध्ये कुणी तुम्हाला धरलं, ढकललं की तो फाऊल होतो. मग तुम्हाला रिंगसमोर पंधरा फुटांवरच्या रेषेवर उभं करतात आणि चेंडू हातात देतात. टाका. अडवायला कुणी नाही. त्याला फ्री थ्रो म्हणतात. फुकटचा गुण. आणि हा फुकटचा गुण शिवरंजनीला घेता येत नव्हता. तीन टाकले तर एक जायचा, तोही रिंगला दया आली तर. त्यामुळं शेवटी-शेवटी समोरच्या संघाचं एकच काम असायचं. तिला धरा, तिला रेषेवर पाठवा, चेंडू आपलाच.

बघणाऱ्यांना हे लई सोपं वाटतं. ज्यांनी आयुष्यात कागदाचा बोळा कचऱ्याच्या डब्यात नीट टाकला नाही, ते बाकावर बसून चिवडा खात ओरडतात, "अगं, एवढं बी जमंना व्हय? पगार कशाचा घेतीस?" त्यांना सांगायला पाहिजे की जगभरातले मोठे मोठे पगारी खेळाडू त्या रेषेवर माती खातात. धिप्पाड माणसाच्या पंज्यात चेंडू लिंबासारखा होतो, नेमका कुठं धरावा कळत नाही. पळून पळून पाय मेलेले असतात. पण खरी गोम वेगळीच आहे. धावताना माणसाला स्वतःची आठवण नसते. रेषेवर उभं केलं, सगळा गोंगाट थांबवला, हजार डोळे लावले, की आठवण येते. आणि ती आली की हात आपला राहत नाही.

शिवरंजनीचे अप्पा, म्हणजे वडील शांतलिंग, लोहाऱ्यातलं भांड्यांचं दुकान बंद करून सामना बघायला आले होते. शेजारच्यानं त्यांना विचारलं होतं, "हा उंट कुणाचा हो?"

"आमचा," अप्पा म्हणाले होते, आणि सामना संपेपर्यंत त्या माणसानं तोंड उघडलं नव्हतं.

सामना संपल्यावर रणधीर सर तिला कॉरिडॉरमध्ये भेटले. सर वाईट माणूस नव्हते. वाईट बातमी सांगताना ते बुटांकडं बघायचे, एवढंच.

"शिवरंजनी, धाराशिवची फेरी संपली की आपल्या संघाचे मालक पुढच्या वर्षीचे करार करणार. मला विचारतात, जिला शेवटच्या दोन मिनिटांत बसवावं लागतं, तिच्यावर खर्च कशाला? मी काय सांगू?"

"मला बसवत न्हाय म्हणून सांगा."

"टाकून दाखव. नाही बसवणार."

"आणि न्हाय जमलं तर?"

सर बुटांकडं बघत राहिले.

ही लीग नवी होती. लहान गावातली गर्दी पाहिजे म्हणून तिच्या मालकांनी एक फेरी धाराशिवात ठेवली होती. शिवरंजनी बालाघाट संघाची. बालाघाटचा पुढचा सामना रविवारी होता, मांजरा संघाशी. तोवर सुट्टी. बाकीच्या पोरी तुळजापूरला देवीला गेल्या. शिवरंजनीनं चेंडूंची जाळी खांद्यावर टाकली आणि लोहाऱ्याची एसटी धरली.

उपाय सुचवणाऱ्यांची कमी नव्हती. एक म्हणाला, श्वास मोजा. एक म्हणाला, चेंडू दोन बोटं खाली धरा. संघाचे मनाचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "टाकण्याआधी डोळे मिटा आणि शांत समुद्र आठवा."

"माकणीचं धरण चालंल का सर? समुद्र म्या नीट बघितला न्हाय."

डॉक्टरांना वाटलं ती चेष्टा करते. ती चेष्टा करत नव्हती. तिनं खरोखर धरण आठवून बघितलं. पाणी शांत होतं. चेंडू रिंगच्या अलीकडंच पडला.

लोहाऱ्यात कॉलेजच्या मैदानावर एक रिंग होती. जाळी कधीच गेलेली, फळीला तडा, पण उंची बरोबर होती. शिवरंजनीनं धाकट्या बहिणीला चेंडू आणून द्यायला उभं केलं. भुवनेश्वरी बारावीत होती, जिल्ह्याच्या खो-खो संघात होती आणि स्वतःला कुणाची नोकर समजत नव्हती.

"अक्का, माझी स्वतःची प्रॅक्टिस हाय."

"हितं बी पळतीसच की."

"चेंडूमागं पळणं म्हंजे प्रॅक्टिस न्हाय. कुत्रं बी पळतंय."

ऊन तापलेलं. शिवरंजनी रेषेवर उभी राहायची, गुडघे वाकवायची, रिंगकडं बघायची, बघतच राहायची, आणि मग हात चेंडू ढकलायचे. चेंडू आखूड पडायचा. परत उभी. परत आखूड. भुवनेश्वरी बाभळीच्या काट्यातनं चेंडू काढून आणायची आणि दर वेळी तिचं तोंड आणखी वाकडं व्हायचं. शेवटी शिवरंजनी गुडघे वाकवून अशी थिजली की जणू फोटो काढायला कुणी यायचंय. भुवनेश्वरीचा धीर सुटला. ती मागनं आली आणि तिनं बहिणीच्या पाठीत सणसणीत थाप हाणली.

"टाक की गं बया!"

चेंडू सुटला. आधी पाय उठले, मग कंबर, मग हात. चेंडू वर गेला आणि रिंगला न शिवता आतनं खाली पडला.

भुवनेश्वरीनं पळत जाऊन चेंडू आणला.

"खो दिल्याबिगर उठत न्हाईस व्हय गं?" भुवनेश्वरी हसत म्हणाली.

शिवरंजनी हसली नाही. "परत मार."

"आँ?"

"पाठीत मार. खो म्हणून मार."

भुवनेश्वरीनं मारलं. चेंडू आत गेला. पुन्हा मारलं. रिंगला लागून आत गेला. पुन्हा मारलं, तो चुकला, पण आखूड पडला नाही, फळीवर लांब आदळला. शिवरंजनी मातीत बसली आणि स्वतःच्या गुडघ्यांकडं बघू लागली, जणू इतकी वर्षं घरात चोर पाळला होता.

चौथीपासून ती खो-खो खेळली होती. आण्णासाहेब मास्तरांनी शाळेतल्या पोरींना मैदानाच्या मधल्या पट्टीत चौका-चौकात बसवलं होतं, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. गुडघे वाकवून, टाचा उचलून बसायचं. पळणारी पोरगी समोरनं गेली तरी उठायचं नाही. आपला गडी मागनं येणार, पाठीवर हात मारणार, "खो" म्हणणार, तेव्हाच बाणासारखं सुटायचं. आधी उठलीस की फाऊल. मास्तर ओरडायचे, "आवाज आला आन हात लागला न्हाय, तर तो खो न्हाय! हात लागला आन आवाज न्हाय, तरी न्हाय! दोन्ही पायजे!" जी घाई करायची, तिला अख्ख्या मैदानाच्या फेऱ्या. शिवरंजनीनं त्या फेऱ्या लई मारल्या होत्या. मग एकदा शिकली ती कायमची. वाकलेला गुडघा म्हणजे वाट बघ.

पुढं उंची वाढत गेली, कुणीतरी तिला बास्केटबॉलच्या वसतिगृहात नेलं, हात नवा खेळ शिकले. गुडघ्यांना कुणी काही सांगितलंच नाही. धावपळीत कुणाचा ना कुणाचा धक्का लागायचा आणि ते उठायचे. रेषेवर कोण धक्का देणार? तिथं ती गुडघे वाकवायची आणि ते इमानदारीनं वाट बघत बसायचे. हात बिचारे एकटेच चेंडू ढकलायचे.

शास्त्र म्हणा, खूळ म्हणा. ही चूक दुसरीकडच्या पोरीला होणार नाही. ज्या जिल्ह्यात पोरगी दोन पायांवर नीट उभी राहिली की तिला खो-खोच्या चौकात बसवतात, तिथलीच बाई ही चूक करू शकते. आणि मनाच्या डॉक्टरला ती सापडणार नाही, कारण ती मनात नव्हतीच.

"मला घेऊन चल मॅचला," भुवनेश्वरी म्हणाली. "मागं उभी ऱ्हाते, थापा मारते. फीस घेईन पण."

"पंच तुला उचलून भायेर टाकंल."

"मग तूच म्हण, खो."

तिनं म्हणून बघितलं. मनात म्हटलं, काही झालं नाही. मोठ्यानं म्हटलं, गुडघे फसले नाहीत. आवाज होता, हात कुठं होता? स्वतःची पाठ स्वतः थोपटणारी माणसं राजकारणात असतात, मैदानावर नसतात. ती चिडली. चिडून तिनं चेंडू जमिनीवर आपटला, तो उसळून तिच्या डाव्या पंज्यावर सपकन बसला, आणि त्या सपक्यासरशी तिच्या तोंडातनं निघालं, "खो!"

पाय उठले. चेंडू आत.

मग तिनं सोडलं नाही. सकाळी मैदानाला फेऱ्या मारायची, पाय लटपटेपर्यंत, कारण सामन्यात पाय ताजे नसतात. मग रेषेवर. चेंडू आपट, पंज्यावर घे, "खो", ऊठ, टाक. सगळे जात नव्हते. जादू नव्हती ती. कितीतरी चुकायचे. पण आता चेंडू चुकला तर का चुकला ते तिला कळायचं, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. हाताची कातडी सोलली. संध्याकाळी अव्वानं, म्हणजे आईनं, तिच्या पंज्याला खोबरेल लावता लावता विचारलं, "एवढं करून करार दिला न्हाय तर?"

"तर न्हाय दिला. पण मला बसवू न्हाय देणार. मी खेळले आन मग न्हाय म्हणले, ते चालंल."

मोटारसायकलवरची टवाळ पोरं मैदानाच्या कडेला थांबू लागली. "अक्का, गडी कुठायत? एकटीच खो-खो खेळतीस व्हय?" एकानं मोबाईलवर शूटिंग केलं. रात्रीपर्यंत ते लोहाऱ्यात, सकाळपर्यंत धाराशिवात. खाली कुणीतरी लिहिलेलं, "आमची अक्का रिंगला खो देती."

धाराशिवात ते मांजरा संघाच्या हर्षालीनं बघितलं. हर्षाली कप्तान होती. ती चपळ होती, तिखट होती, आणि शाळेच्या वयात जिल्ह्याच्या खो-खो संघात शिवरंजनीच्या शेजारच्याच चौकात बसलेली होती. बाकीचे बघून हसले. हर्षाली हसली नाही. तिला सगळं समजलं.

रविवारी सामन्याआधी रणधीर सरांनी सरावात तिचं तोंड हलताना बघितलं.

"हे काय पुटपुटतेस?"

"खो."

"पंचाला काय सांगू मी?"

"नियमात कुठं लिवलंय का, तोंड उघडू नये म्हणून? पाच सेकंदात टाकायचं, रेष ओलांडायची न्हाय. म्या वाचलंय सर. तुमी शेवटची दोन मिनिटं द्या. मी खो देईन न्हायतर ओवी म्हणीन, तुमाला काय करायचंय?"

सर पहिल्यांदा बूट सोडून तिच्या तोंडाकडं बघायला लागले. "बघू," म्हणाले.

हॉल गच्च भरला होता. अप्पा होते, भुवनेश्वरी होती, अर्धं लोहारा होतं. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. दोन मिनिटं उरली तेव्हा शिवरंजनीनं सरांकडं बघितलं. सरांचा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला. काही सेकंद उरले आणि बालाघाट एका गुणानं पुढं होतं, चेंडू शिवरंजनीच्या हातात. हर्षाली धावत आली आणि तिनं तिचे दोन्ही हात मिठीत आवळले. शिट्टी. फाऊल. दोन फ्री थ्रो.

"जा शिवे," हर्षाली कानाशी म्हणाली, "बस जा चौकात."

आणि तिनं मांजराच्या प्रेक्षकांकडं तोंड करून, आधीच ठरल्यासारखी, नुसती मान हलवली.

शिवरंजनी रेषेवर आली. गुडघे वाकवले. चेंडू खाली आपटला, आणि तो वर यायच्या आधीच हॉलच्या एका बाजूनं गर्जना झाली, "खो!"

गुडघे उठले. चेंडू अजून जमिनीकडं होता. तिनं तो कसाबसा पकडला, हवेत फेकला. रिंगच्या जवळपासही गेला नाही. हॉल फुटल्यासारखा हसला. खो-खोची पंढरी ती, तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं काय झालं ते. खोटा खो. गडी उठला. भुवनेश्वरी बाकावर उभी राहून किंचाळत होती, "गप बसा की रे मेल्यांनो!" आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं.

रणधीर सर खुर्चीतनं उठले होते. शिवरंजनीनं त्यांच्याकडं बघून मान हलवली. न्हाय.

पंचानं दुसऱ्यांदा चेंडू दिला. आता ते एकदा ओरडून थांबत नव्हते. "खो! खो! खो! खो!" पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. पाच सेकंद. तिची लाज कधीच जळून गेली होती. हे हजार लोक तिला उठवायला बसले होते. तिच्या गुडघ्यांवर हक्क सांगत होते. ओरडा, ती मनात म्हणाली. नुसता आवाज हाय तुमचा. हात कुणाचा लागलाय? माझ्या अंगाला हात लावल्याबिगर कोण उठवतंय मला?

तिनं चेंडू आपटला. गर्जना झाली. गुडघे हलले नाहीत. चेंडू वर आला, सोललेल्या पंज्यावर चटका देत बसला. तिनं तोंड मिटूनच ठेवलं. आवाज त्यांचा, हात तिचा. ती उठली.

चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागला, वर उडाला आणि आत पडला.

बालाघाट दोन गुणांनी पुढं. पण खेळ एवढ्यावर खूश होत नाही. हर्षालीनं चेंडू घेतला, तिघींच्या मधनं साप निघावा तशी निघाली आणि भोंगा वाजता वाजता बास्केट टाकला. बरोबरी. आता आणखी पाच मिनिटांचा जादा खेळ.

बालाघाटच्या पोरी खुर्च्यांपाशी पाणी पीत होत्या. रणधीर सरांचा हात दुसऱ्या पोरीच्या खांद्यावर गेला.

"शिवरंजनी, जरा दम खा."

"दम हाय मला."

"अगं, ते परत तुलाच धरणार. एक चुकवलास तू."

"चुकवला. आणखी बी चुकवीन. पण बसणार न्हाय." तिनं टॉवेल घेतलाच नव्हता. "करार देऊ नका सर. दुसरीला द्या. पण ही पाच मिनिटं माझी हायत. चुकायचं बी मीच आन टाकायचं बी मीच."

दुसरी पोरगी, जी आत जाणार होती, तीच म्हणाली, "सर, ऱ्हाऊ द्या तिला. मला नका पाठवू तिच्यासमोर, मारंल मला."

सरांनी हात काढला. "जा," म्हणाले.

जादा खेळ सुरू झाला आणि दुसऱ्याच झटक्याला चेंडू शिवरंजनीकडं आला. हर्षाली समोर उभी, हात पसरलेले, डोळ्यांत तेच, बस जा चौकात.

"मार फाऊल," शिवरंजनी म्हणाली.

"काय?"

"मार की. किती मारायचेत तेवढे मार. भितीस व्हय?"

हर्षालीनं मारला. शिट्टी. दोन फ्री थ्रो. हॉलनं पुन्हा गळा काढला, पण आता त्यातले लोहाऱ्याचे लोक "शिवा! शिवा!" करू लागले होते, आणि दोन्ही आवाजांचा असा काला झाला की कुणाचं काय ते कळेना. तिला कळायची गरजही नव्हती. चेंडू आपटला, पंज्यावर बसला, उठली. पहिला आत.

दुसरा तिनं तसाच टाकला, अगदी तसाच, आणि तो चुकला. रिंगच्या कडेवर नाचला आणि बाहेरच्या बाजूला कलला.

पूर्वी चुकला की ती तिथंच उभी राहायची, मान खाली घालून, आपलं काय चुकलं ते जमिनीत शोधत. या वेळी चेंडू रिंगला लागला त्याच क्षणी तिनं रेष ओलांडली होती. मांजराच्या दोघी मध्ये होत्या, एकीचं कोपर बरगडीत बसलं, तिनं ते घेतलं आणि सगळ्यांच्या डोक्यावरनं एका हातानं चेंडू ओढला. खाली आली, परत उडाली, फळीवर मारला. आत.

तीन गुण. तिनं ना हर्षालीकडं बघितलं, ना सरांकडं, ना अप्पांकडं. मांजराच्या पोरींनी रेषेबाहेरनं चेंडू आत फेकलासुद्धा होता, त्या निघाल्या होत्या. ती वळली आणि त्यांच्यापुढं पोचायला पळत सुटली, आपल्या पोरींना ओरडत, "मागं या! मागं या गं! अजून लई खेळ हाय!"